लग्नात वेगळं संगीत लावायचंय? आधी टाळीची वेळ विचारा

माझ्या मामेबहिणीच्या लग्नात नवरी मांडवात येताना काय वाजवायचं, हे तिने माझ्यावर सोपवलं होतं. मी नुकताच पुण्यात चार वर्षं काढून जळगावला परतलेलो, डोक्यात हवा. एरिक साती या फ्रेंच संगीतकाराच्या १८८८ मधल्या ‘जिम्नोपेदी’ नावाच्या तीन पियानो-रचनांपैकी पहिली निवडली. एकटा पियानो, विहिरीच्या पाण्यावर पान हलावं तसा. लॉनवरच्या आठ स्पीकरांतून तो सुरू झाला आणि पहिल्या रांगेतल्या मोठ्या मामींनी मागे वळून विचारलं, “हाई काय लाई दिधं रे भाऊ? कोन मरी गयं का?”

तेव्हा मला राग आला. नंतर शोधलं तर कळलं, की सातीने त्या रचनेच्या माथ्यावर स्वतःच सूचना लिहून ठेवली आहे: संथ आणि व्यथित. मामींनी कागद न बघता बरोबर ओळखलं होतं.

त्यानंतर नात्यागोत्यातल्या आणि मित्रांच्या सात-आठ लग्नांत हे काम केलं. बँड आणि डीजे यांच्या पलीकडचं काहीतरी हवं असं म्हणणारी पोरं-पोरी आता जळगाव-धुळ्यातच काय, अमळनेर-शहाद्यातही भेटतात. हा लेख त्यांच्यासाठी, किंवा खरं तर ज्या बिचाऱ्या भावाच्या गळ्यात हे काम पडतं त्याच्यासाठी.

गाणं नंतर, घड्याळ आधी

सगळे सुरुवात गाण्यांच्या यादीपासून करतात आणि तिथेच फसतात. रेकॉर्डची लांबी ठरलेली असते, विधीची नसते. बँडमास्तर डोळ्याच्या खुणेवर थांबतो, नवरी साडीची पिन लावायला परत खोलीत गेली तर तीच ओळ पुन्हा घोळवतो. फाइल तीन मिनिटं चाळीस सेकंदांनी संपते म्हणजे संपतेच.

म्हणून पहिलं काम: लग्नाच्या आठवडाभर आधी गुरुजींकडे वही घेऊन बसा. कोणता विधी कशानंतर, कोण कुठून कुठे चालत जाणार, कुठे मंत्र सलग आहेत आणि कुठे नुसती वाट बघणं आहे, हे उतरवून घ्या. एक गोष्ट स्वतःच्या मनाशी धरा. पत्रिकेवर गोरज मुहूर्त सहा बेचाळीसचा छापलेला असला तरी नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन, मित्रांच्या नाचातून सुटून मांडवात पोचेपर्यंत टाळी, म्हणजे प्रत्यक्ष लग्न लागण्याचा क्षण, पावणेआठाच्या आत लागत नाही. तेव्हा पाहुणे बसल्यापासून टाळी लागेपर्यंतचा जो दीड-दोन तासांचा रिकामा पट्टा आहे, तोच तुमच्या संगीताचं खरं शेत. नवरीच्या प्रवेशाला आपण सगळं डोकं लावतो, पण तो जेमतेम मिनिट-दीड मिनिटाचा असतो. कार्यालयात जाऊन खोलीपासून मांडवापर्यंत स्वतः चालून बघा. शालू नेसलेल्या मुलीच्या चालीने, तुमच्या नव्हे.

हारांना दोन-तीन मिनिटं धरा, पण मित्रांनी नवरदेवाला उचलून धरलं तर सहा. सप्तपदी आणि लाजाहोम मिळून माझ्या घड्याळात वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत काहीही लागलेलं आहे. गुरुजींवर अवलंबून.

कुठे काहीच लावू नये

मंगलाष्टकं चालू असताना पार्श्वसंगीत नको. अगदी मंद बासरीही नको. मंगलाष्टकं बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात, एका चरणात १९ अक्षरं, बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. त्या यतीवर गाणारा श्वास घेतो आणि सगळा मांडव त्याच्याबरोबर घेतो. त्याखाली दुसऱ्या लयीचं काही वाजलं की गुरुजी तर गोंधळतातच, पण त्याहून वाईट म्हणजे आत्या गोंधळते. आपल्याकडे एकदोन मावश्या-आत्या वहीत लिहून आणलेलं, दोन्ही घरांची नावं गुंफलेलं स्वतःचं मंगलाष्टक म्हणतात. तो त्यांचा वर्षानुवर्षांचा मान असतो. त्या सुरात असोत-नसोत, तिथे तुमच्या निवडीला जागा नाही. ‘नुसता तानपुरा लावू का’ असं मला दरवेळी कोणीतरी विचारतं. गाणारे पाच आणि पाचांची पट्टी वेगळी, तर तानपुरा कोणाच्या सुरात लावणार?

होमाचे मंत्र आणि कन्यादान यांनाही हेच लागू. सत्यशोधक पद्धतीने लग्न असेल, तर महात्मा फुल्यांनी मंगलाष्टकं वधू-वरांनीच एकमेकांना म्हणायची अशी मांडणी केली. ती नीट ऐकू आली पाहिजेत. बौद्ध पद्धतीत त्रिशरण-पंचशील घेताना शांतता हवी. नोंदणी विवाह असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटिशीचे ३० दिवस संपल्यावरची सही पाच मिनिटांत उरकते. संगीताचा प्रश्न येतो तो नंतरच्या कार्यक्रमात, आणि तिथे तुम्हाला मोकळं रान आहे.

निवड कशी करायची

आता गाण्यांकडे या. ‘वेगळं’ म्हणजे मांडवातल्या हजार माणसांपैकी चौघांनाच कळेल असं नव्हे. माझी कसोटी साधी आहे: ज्याला ते संगीत माहीत नाही त्यालाही प्रसंग कळला पाहिजे. आनंदाचा प्रसंग आनंदाचा वाटला पाहिजे.

शब्द असतील तर शेवटपर्यंत ऐका. मुखडा मीलनाचा आणि तिसऱ्या अंतऱ्यात ताटातूट, अशी गाणी ढिगाने आहेत. परदेशी भाषेतलं असेल तर भाषांतर वाचा. आणि शब्द नसतील तर गोष्ट शोधा. ख्रिस्ती लग्नांत आणि आता आपल्याकडच्या लॉनवरही नवरीच्या प्रवेशाला वाजणारी ती प्रसिद्ध चाल रिशार्ड वाग्नर यांच्या ‘लोहेनग्रीन’ या १८५० मध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आलेल्या ऑपेरातली आहे. त्या कथेत ज्या जोडप्यासाठी हे समूहगान होतं, त्यांचं लग्न त्याच अंकात मोडतं. नवरी नको तो प्रश्न विचारते आणि नवरा निघून जातो. तिच्याच जोडीने वाजणारी दुसरी चाल मेंडेल्सॉन यांची, १८४२ ची, शेक्सपिअरच्या नाटकासाठी केलेली. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीच्या लग्नात ती वाजली आणि तिथून पसरली. तिच्या गोष्टीत निदान लग्नं लागतात तरी. पाहुण्यांना यातलं काही ठाऊक नसतं हे खरं, पण नवरीला ठाऊक झालं की तिला ते खुपतं. एका मैत्रिणीने या कारणावरून आदल्या रात्री यादी बदलायला लावली होती.

पाहुणे येण्याच्या त्या लांब पट्ट्यासाठी मी बहुतेकदा १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’कडे जातो. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. ही तबकडी काही नवलाची नाही, पण सनई नसलेल्या मांडवात ती नवीन वाटते आणि कोणालाच परकी वाटत नाही. गोरज मुहूर्त असेल तर मधला भूप काढून घ्या, तो संध्याकाळचाच राग. सकाळचं लग्न असेल तर पहिला तुकडा. रागाची वेळ जुळली की एखादे भजनी मंडळातले आजोबा येऊन पाठीवर थाप मारून जातात, हा वरचा फायदा.

थोडं धाडस करायचं असेल तर तमिळ सिनेसंगीतकार इलयाराजांचा १९८६ चा ‘हाउ टु नेम इट?’ हा अल्बम ऐका. कर्नाटक संगीतातले त्यागराज आणि जर्मन संगीतकार बाख या दोघांना वाहिलेला, व्हायोलिनच्या ताफ्याचा. त्यातल्या जलद रचना हारांच्या वेळी छान उठतात.

काय टाळायचं ते सांगतो. मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या रचना उघड्या लॉनवर लावू नका. मॉरिस राव्हेल यांची ‘बोलेरो’ (१९२८) मला फार आवडते. एकच ताल सुमारे पंधरा मिनिटं, हळूहळू चढत जाणारा. वरातीच्या ढोलाशी तिचं नातं लागेल असं वाटून एकदा लावली. पण ती सुरू होते कुजबुजीसारखी. पहिली पाच मिनिटं कोणाला काही ऐकूच आलं नाही, म्हणून साऊंडवाल्याने आवाज वाढवला, आणि शेवटाकडे आचारी पळीसकट बाहेर आला.

शेवटची चाचणी घरातच करा. यादी मोबाइलच्या स्पीकरवर लावून स्वयंपाकघरात ठेवा आणि काही न सांगता निघून जा. अर्ध्या तासाने आई किंवा काकू काय म्हणते ते ऐका. ‘बंद कर ते’ आलं तर ते गाणं गेलं. ‘कोणाचं रे हे?’ आलं तर राहिलं.

सगळ्यात वेगळी रेकॉर्ड घरातच आहे

दोन-तीन लग्नं झाल्यावर मला हे सुचलं आणि आता तेच मी आधी सुचवतो. खान्देशातल्या कोणत्याही घरात साठी-सत्तरीची एक तरी बाई अशी असते, जिला हळदीची, तेलन पाडायच्या विधीची, कानबाई देवीची अहिराणी गाणी किंवा लेवा घरात जात्यावरच्या ओव्या पाठ असतात. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांच्या तोंडच्या ओव्या लिहून ठेवल्या गेल्या आणि त्या गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक झालं, म्हणून त्या आपल्यापर्यंत आल्या. तुमच्या आजीची गाणी कोणी लिहून ठेवलेली नाहीत. आणि डीजेच्या भिंतीपुढे हळदीला तिचं गाणं आता कोणाला ऐकूही येत नाही.

ते लग्नाच्या महिनाभर आधी रेकॉर्ड करा. स्टुडिओ नको, आजीला अनोळखी खोलीत बसवलं की आवाज बसतो. घरातली गाद्या-गोधड्यांची खोली निवडा, तिथे आवाज घुमत नाही. पंखा, कूलर, फ्रिज बंद करा. मे महिना असेल तर हे पहाटेच करा, नाहीतर आजीची घेरी तुमच्या अंगावर येईल. मोबाइल विमान मोडवर टाकून घडी घातलेल्या टॉवेलवर, तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. तिला ‘गा’ म्हणू नका. ‘आईच्या लग्नात काय म्हटलं होतं?’ असं विचारा आणि गप्प बसा. सोबत तिची जाऊ किंवा शेजारीण असेल तर उत्तम, कारण ही गाणी एकीने टाकायची आणि दुसरीने उचलायची असतात. खोकला, बांगड्यांचा आवाज, मधलंच हसू कापू नका.

मामेबहिणीच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात नवरी मांडवात आली ती आजीच्या अशाच दीड मिनिटाच्या रेकॉर्डवर. आजी तेव्हा पहिल्या रांगेत खुर्चीवर होती आणि स्वतःच्याच आवाजाबरोबर पुटपुटत होती. मोठ्या मामी या खेपेला काही बोलल्या नाहीत, पदर डोळ्याला लावला.

नंदुरबारकडे पावरा, भिल, कोकणा या आदिवासी घरांत तर पावरी नावाचं फुंकून वाजवायचं लांब वाद्य आणि मोठे ढोल अजून हयात आहेत. वाजवणारा गावात असेल तर रेकॉर्डचा हट्ट सोडा, त्यालाच बोलवा. मात्र एखादी चाल देवकार्याची असते. ती लग्नात चालते का हे त्यालाच विचारा.

वडीलधारे आणि बँडमास्तर

वडीलधाऱ्यांना यादी दाखवू नका, ऐकवा. कागदावर फ्रेंच नाव दिसलं की नकार ठरलेला. सासरच्या बाजूच्या एका माणसालाही सोबत घ्या, कारण लग्न दोन घरांचं आहे आणि रुसवा नेहमी दुसऱ्या घरून निघतो.

बँड मात्र ठेवाच. टाळी लागली, अंतरपाट पडला, अक्षता उडाल्या की बँडवाला कोणाची वाट न बघता फुंकतो. त्यात तुमची हारांसाठी निवडलेली नाजूक रचना कुठल्या कुठे जाते. बँडमास्तरला आधी भेटून ठरवा: टाळीनंतर दोन मिनिटं तुमची, मग मी हात वर केला की थांबायचं. बक्षिशी हातात आधी ठेवा. नुसतं बोलून हे कधीच जमलेलं नाही.

फाइल तयार करणं

गाणी यूट्यूबवरून थेट वाजवू नका. माझं एक गाणं संपल्यावर पुढच्याच क्षणी कपाशीवरच्या बोंडअळीच्या औषधाची जाहिरात मांडवभर घुमली होती. नवरदेवाकडचे लोक शेतकरी, त्यांनी मन लावून ऐकली. विकत घेऊन किंवा डाउनलोड करून फाइल हाताशी ठेवा, एमपी-३ असेल तर ३२० केबीपीएसची.

‘ऑडॅसिटी’सारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घ्या आणि तीन गोष्टी करा. सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीला आणा. प्रवेशाच्या गाण्याची दोन रूपं करा, एक छोटं आणि एक तोच भाग पुन्हा जोडून चार-पाच मिनिटांचं. लांबलं तर दुसरं कामी येतं. आणि प्रत्येक फाइल मोनो, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र, करून ऐका. कित्येक मांडवांत साऊंडवाला एकच वायर जोडतो, म्हणजे फक्त डावी बाजू वाजते. साठच्या दशकातल्या काही स्टिरिओ रेकॉर्डमध्ये गायक एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला असतात. अशा वेळी सगळा मांडव नुसता ठेका ऐकत बसतो.

फाइलींना ०१, ०२ असे आकडे द्या आणि पेन ड्राइव्हवर त्याच क्रमाने एकेक करून टाका. मिक्सरवरचे स्वस्त प्लेअर नावाचा क्रम बघत नाहीत, ज्या क्रमाने कॉपी केलं त्या क्रमाने वाजवतात.

साऊंडवाला, वायर आणि ऊन

मंडपवाल्याला एकच प्रश्न आधी विचारा: भोंगे आहेत की बॉक्स? भोंग्यातून खर्ज जवळजवळ येतच नाही, चेलो किंवा मृदंग त्यात हरवतो. बासरी, संतूर आणि बायकांचा आवाज मात्र लांबपर्यंत जातो. भोंगेच असतील तर यादी त्याप्रमाणे बदला.

ब्लूटूथ नको. माणसांच्या गर्दीत ते तुटतं, आणि एखादा भाचा त्याच स्पीकरला स्वतःचा फोन जोडतो. वायर स्वतःची न्या: फोनकडून टाइप-सीचं कनेक्टर, पुढे छोटी पिन, मिक्सरकडे दोन मोठ्या पिना. दोन जोड्या. लॅपटॉप जनरेटरवर चार्जिंगला लावून वाजवलात तर स्पीकरमधून घरघर येण्याची शक्यता असते; आली तर चार्जर काढा, बहुतेकदा ती लगेच जाते.

आणि ऊन. भुसावळ-जळगावला मेमध्ये पारा ४२-४४ च्या पुढे जातो, तर ॲपल आपला फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगते. पत्र्याच्या शेडखाली, मिक्सरच्या शेजारी ठेवलेला फोन तापून स्वतःच बंद पडतो, आणि तो नेमका कधी पडेल हे सांगायला ज्योतिषी नको. एक फोन कूलरसमोर सावलीत राखीव ठेवा, त्यातही तीच यादी. दोन्ही विमान मोडवर, स्क्रीनचं कुलूप काढून.

बटण कोणाच्या हातात

तुम्ही करवलीचे भाऊ, नवरदेवाचे मित्र किंवा नवरीचे काका असाल तर बटण तुमच्या हातात नको. तुम्हाला ऐनवेळी कोणीतरी आहेर मोजायला बोलावणारच. ज्याला फोटोत यायचं नाही आणि नाचायचंही नाही असा एक शांत पोरगा शोधा. त्याला कागदावर ‘काय दिसलं की काय दाबायचं’ एवढंच लिहून द्या: नवरी दारात दिसली, ०४. बँड थांबला, ०५. गुरुजींनी माइक उचलला, सगळं बंद. गाणं एकदम तोडायचं नाही, आवाज पाच-सहा सेकंदांत उतरवत न्यायचा, हे त्याच्याकडून दहा वेळा करून घ्या. आणि त्याला आधी जेवायला घाला. वरण-बट्टीची पंगत बसली की भुकेलं माणूस मिक्सरपाशी टिकत नाही.

परवानग्या, थोडक्यात

लग्नात रेकॉर्ड वाजवली म्हणून रॉयल्टी मागायला कोणी आलं तर घाबरू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ (१) (झेडए) मध्ये धार्मिक समारंभाला सूट आहे. त्यात वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर समारंभही येतात. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने २४ जुलै २०२३ रोजी जाहीर सूचना काढून हेच पुन्हा स्पष्ट केलं. तिची प्रिंट खिशात ठेवा. ही सूट मांडवापुरती आहे. तोच व्हिडिओ इन्स्टावर टाकलात आणि आवाज गायब झाला तर तक्रार चालत नाही. व्हिडिओवाल्याला आजीचा तुकडा वापरायला सांगा, त्यावर बाहेरच्या कोणाचा हक्क निघत नाही.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, आणि दवाखाना, शाळा, कोर्टाच्या शंभर मीटरांत शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं. पोलीस ठाण्याची लेखी परवानगी मंडपवाला काढतो म्हणतो. कागद डोळ्यांनी बघा.

पाठवणी

पाठवणीला काही लावू नका. मीही एकदा फार विचार करून एक सारंगी लावली होती. नवरीची आई रडता रडता थांबून स्पीकरकडे बघायला लागली. गाडीचं दार लागेपर्यंत फक्त माणसांचा आवाज असू दे.

गाडी गेली की लगेच मिक्सरकडे जा आणि पेन ड्राइव्ह काढून घ्या. मंडपवाले तासाभरात सगळं गुंडाळून टेम्पोत भरतात. माझा एक तसाच गेला, आजीच्या ओव्यांसकट. मूळ फाइल घरी होती म्हणून बरं. पुढच्या आठवड्यात धरणगावकडच्या एका ओळखीच्याचा फोन आला, की आमच्या पुतणीच्या लग्नात जेवणाच्या वेळी मध्येच एक म्हातारी फार गोड गात होती, ती कोण ते साऊंडवाल्यालाही सांगता येईना.